फर्स्ट कॉपीचा पारखी

नकली घड्याळ घेणारा माणूस स्वस्तात सुटतो, असा एक गैरसमज आहे. खरं घेणारा दुकानात जातो, पैसे मोजतो, मनगट पुढे करतो आणि रात्री घरी येऊन घोरतो. त्याला घड्याळातलं ओ की ठो कळायची गरज नसते. नकली घेणाऱ्याला मात्र आधी खऱ्याचा अभ्यास करावा लागतो, आणि तो इतका, की तेवढा शाळेत केला असता तर आज खरंच घेण्याची ऐपत आली असती.

तसं ‘नकली’ हा शब्द आमच्यात कुणी वापरत नाही. विकणारा ‘रेप्लिका’ म्हणतो, घेणारा ‘फर्स्ट कॉपी’ म्हणतो, ‘डुप्लिकेट’ म्हणतात ते जळणारे लोक. कायदा याला सरळ बनावट माल म्हणतो, पण कायद्याला कुठे रसिकता असते! सेकंड कॉपी घेतलेला माणूस मला आजतागायत भेटलेला नाही. जो भेटतो त्याची फर्स्टच.

मला हवं होतं रोलेक्सचं सबमरीनर. १९५३ पासून समुद्रात बुडी मारणाऱ्यांसाठी बनत आलेलं घड्याळ. हल्लीचं ३०० मीटर खोल पाण्यातही तगतं. मला पोहता येत नाही, हा मुद्दा घरात लगेच निघाला. पण खाणीत न उतरणारे लोक जीन्स घालतातच की.

अभ्यासाची सुरुवात तारखेपासून झाली. तारखेच्या खिडकीवर काचेचा एक फुगवटा असतो, तो आकडा अडीच पट मोठा करतो. हलक्या नकलांत तो दीड पटच होतो, त्यामुळे तारीख लांब गल्लीच्या टोकाला उभी असल्यासारखी दिसते. मग काच. खऱ्यात ती कृत्रिम सफायरची. कठीणपणाच्या मोह्सच्या मोजपट्टीवर तिला ९ गुण आणि हिऱ्याला १०. त्या काचेत सहाच्या जागी एक इवलासा मुकुट कोरलेला असतो. तो सहज दिसला तर घड्याळ खोटं, अजिबात नसला तरी खोटं; डोळे बारीक करून, घड्याळ तिरपं धरून, मान मोडून ‘असावा बहुतेक’ असं वाटलं तर खरं. मी देवाच्या बाबतीतही एवढी खात्री करून घेतलेली नाही.

सेकंदकाट्याची कसोटी तर सगळ्यांना ठाऊक असते: टिकटिक उडी मारणारा खोटा, सरकणारा खरा. ती आता बाद झाली आहे. सरकणाराही खरं तर सरकत नाही. तासाला २८,८०० ठोके, म्हणजे सेकंदाला ८ बारीक उड्या मारतो. हल्लीच्या नकलांत आपोआप चावी भरणारं मशीन असतं, तेही तेवढ्याच उड्या मारतं. उलट रोलेक्सने स्वतः १९७७ पासून कितीतरी वर्षं बॅटरीवर चालणारं एक क्वार्ट्झ घड्याळ विकलं, ते चक्क टिकटिकायचं. म्हणजे या कसोटीत पकडला जायचा तो खराच.

हे सगळं पाठ करण्याआधी माझं एकदा हसं झालं होतं. सबमरीनर ठरण्यापूर्वी मला रोमन आकड्यांचं एक नाजूक कार्तिये आवडलं होतं. विकणाऱ्याने फोटो पाठवला आणि मी पाहतो तर चारच्या जागी चार उभ्या रेघा! शाळेत रोमन चार काढताना पाचाच्या डावीकडे एक रेघ मारायला शिकवलेलं. मी त्याला खरमरीत मेसेज लिहिला, ‘नक्कल करायची तर निदान आकडे तरी शिका.’ त्याने उत्तरात एक हसरा चेहरा पाठवला. तीन दिवसांनी मला कळलं, की तबकडीवर चार रेघांचा चार लिहिणं ही घड्याळजींची फार जुनी रीत आहे आणि खऱ्या कार्तियेवरही तसाच असतो. त्या तीन दिवसांत मी ही चूक चौघांना दाखवून त्यांच्याकडून वाहवा मिळवलेली होती.

ऑर्डर दिल्यावर परीक्षेचे फोटो येतात. नक्कल करणाऱ्यांच्या या धंद्यात एक विलक्षण सौजन्य आहे: पाठवण्याआधी ते तुम्हाला तुमच्या घड्याळाचे फोटो दाखवतात आणि विचारतात, पास की नापास? मला सहा फोटो आणि एक व्हिडिओ आला. रात्री दोन वाजता मी मोबाइलच्या काचेवर शाळेची पट्टी ठेवून बाराचा त्रिकोण आणि आतल्या कडेवरचा मुकुट एका रेषेत आहेत का ते मोजत होतो. सबमरीनरच्या आतल्या कडेवर कंपनीचं नाव पुन्हा पुन्हा कोरलेलं असतं, रामनाम लिहिलेल्या वहीसारखं. ती अक्षरं मिनिटांच्या खुणांशी जुळली पाहिजेत. माझ्यात ती केसभर सरकलेली होती. मी हताश. मग कुठेतरी वाचलं, की खऱ्यातही ती कधीकधी केसभर सरकलेली असतात. मी इतका खूश झालो, की जुळलेली असती तर तक्रार केली असती.

सोबत यंत्रावरचा आलेखही होता. दिवसाला अधिक ३ सेकंद, अँप्लिट्यूड २८५ अंश, बीट एरर ०.१. यातलं मला काही कळलं नाही, पण रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आल्यासारखं हलकं वाटलं. स्विस क्रोनोमीटरच्या परीक्षेत दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंदांची सूट असते. म्हणजे माझं घड्याळ त्या परीक्षेला बसलं असतं तर पास झालं असतं. फक्त हॉलमध्ये शिरताना कुणी ओळखपत्र मागायला नको होतं.

मनाला टोचणी लागलीच तर माझ्याकडे ब्रेगे होता. अब्राहाम-लुई ब्रेगे, पॅरिसचा थोर घड्याळजी. त्याच्या घड्याळांच्या नकला इतक्या निघायला लागल्या, की १७९५च्या सुमारास त्याने तबकडीवर गुप्त सही कोरायला सुरुवात केली. सरळ पाहिलं तर काही नाही. उजेड तिरपा पडला तरच दिसते. कार्तियेवाले आजही बऱ्याच तबकड्यांवर रोमन सातच्या एका रेघेत स्वतःचं नाव दडवतात, आणि नक्कल करणारे ते नावही न चुकता दडवतात. एकूण काय, माझ्या हातावर जे येणार होतं त्यामागे दोनशे वर्षांहून जुनी परंपरा होती. परंपरेचं नाव घेतलं की मला कशाचंच वाईट वाटत नाही.

घड्याळ आलं. वजनदार, चकचकीत, अंधारात निळसर उजळणारं. तबकडीवर ३०० मीटरचं आश्वासन होतं. हात धुताना मी ते काढून ठेवत असे. बाह्या दुमडून हिंडलो. लिफ्टमध्ये उगाच वरचा दांडा धरला. कुणी बघेना. पंधरा दिवसांत एकाने तेवढं विचारलं, ‘किती वाजले?’ आणि मी मनगट त्याच्या नाकासमोर धरल्यावर तो आकडे वाचून निघून गेला.

बघितलं ते मामांनी. मामा आयुष्यभर मालवाहू बोटीवर होते. ‘अरे वा,’ म्हणाले, ‘तूही रोलेक्स घेतलंस?’ त्या ‘तूही’वर मी थबकलो. त्यांनी बाही वर केली. मनगटावर एक म्हातारं डेटजस्ट होतं. १९७४ साली परदेशातल्या कुठल्याशा बंदरात पगार झाल्यावर घेतलेलं. इतकी वर्षं ते त्या मनगटावर होतं आणि माझी नजर कधी गेली नव्हती. आता गेली, आणि सोबत सगळा अभ्यास घेऊन गेली.

मी भिंग काढलं. हो, तोवर माझ्या खिशात भिंग असायचं.

काचेवर ओरखडेच ओरखडे. सफायरवर असे पडत नाहीत. नख वाजवलं तर प्लास्टिकचा आवाज. पट्टा हलका, आतून पोकळ, खुळखुळ्यासारखा वाजणारा. आतली कड कोरीकरकरीत, त्यावर ना नाव ना नंबर. सहापाशी मुकुट नाही. ओंजळीत धरून अंधार केला. काट्यांत उजेडाचा कण नाही. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये सेकंदकाटा घेतला आणि उड्या मोजल्या: सेकंदाला पाच, फार तर साडेपाच. आणि तबकडीच्या तळाशी बारीक अक्षरांत जे लिहिलं होतं ते वाचून तर माझी खात्रीच पटली. ‘टी स्विस टी.’ स्विस मेड नाही. स्विसच्या दोन बाजूंना दोन ‘टी’, लग्नाच्या फोटोत दोन करवल्या असाव्यात तसे. शुद्धलेखन तरी धड हवं होतं.

‘मामा,’ मी आवाज शक्य तितका मऊ केला, ‘तुम्हाला फसवलंय हो.’

‘अरे, मी स्वतः शोरूममध्ये जाऊन घेतलंय.’

‘शोरूमवालेही फसवतात.’

मामा थोडा वेळ घड्याळाकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘मग आता काय करू? काढून ठेवू?’ त्यांच्या आवाजात इतकी शांतता होती, की मला उगाच शेजारच्याच्या कुत्र्याला दगड मारल्यासारखं झालं. ‘तसं काही नाही,’ मी म्हणालो, ‘वेळ दाखवतंय ना.’ आणि पुढे, जीभ आवरायची सोडून, ‘खात्रीच करायची तर जाणकाराला दाखवू. माझंही सर्व्हिसिंगला द्यायचंच आहे.’ सर्व्हिसिंग! एकवीस दिवसांच्या घड्याळाचं!

घड्याळजी वयस्कर होते आणि बोलण्यात कंजूष. त्यांनी आधी मामांचं घड्याळ घेतलं, टोकदार अवजाराने पट्टा सोडवला आणि पट्ट्याच्या मागे, घड्याळाच्या पेटीच्या दोन शिंगांच्या मधे कोरलेला आकडा आम्हाला दाखवला. वरच्या बाजूला मॉडेलचा आकडा, १६०१. खालच्या बाजूला नंबर. ‘जुन्यात नंबर इथे असायचा,’ ते म्हणाले. मी खाकरून काचेचं काढलं. ‘तेव्हा काच अॅक्रिलिकचीच.’ पट्टा? ‘तेव्हा पत्रा दुमडूनच कड्या करायचे. वाजतातच.’ उड्या? ‘हे मशीन तासाला १९,८०० ठोक्यांचं. साडेपाचच पडणार.’ मी हुकमाचं पान काढलं: टी स्विस टी.

त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. ‘टी म्हणजे ट्रिशियम. चमकायला लावायचे. किरणोत्सारी असतं, म्हणून तबकडीवर तसं लिहायचे. बारा वर्षांनी निम्मं उरतं. पन्नास वर्षांनी काय चमकणार?’

म्हणजे खोट्याच्या जेवढ्या खुणा मी पाठ केल्या होत्या, तेवढ्या सगळ्या मामांच्या खऱ्या घड्याळात होत्या. आणि खऱ्याच्या सगळ्या माझ्यात.

मग त्यांनी माझं उघडलं. मी छताकडे पाहायला लागलो. झाकण फिरल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही. नजर खाली गेलीच. चकचकीत पोलादाच्या पोटात पांढरं प्लास्टिकचं कडं होतं आणि त्यात, मोठ्या भावाचा शर्ट घातलेल्या पोरासारखं, एक लहानसं मशीन बसलेलं. घड्याळजींनी डोळ्याचं भिंग काढलं. मामांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि झाकण पुन्हा लावलं. ऑपरेशनला घेऊन पोट शिवून टाकतात तसं.

‘याला सर्व्हिसिंगची गरज नाही,’ ते म्हणाले. ‘पाण्यापासून जपा.’

‘बघ,’ मामा मला म्हणाले, ‘नव्याला काही लागतच नाही.’

मामांचं घड्याळ तेल-पाण्यासाठी चार दिवस तिथे राहिलं. पाचव्या दिवशी आम्ही ते आणलं तेव्हा बंद होतं आणि तारीख चार दिवस मागे. त्या मॉडेलमध्ये तारीख वेगळी फिरवता येत नाही. काटेच फिरवायचे, एका तारखेला दोन फेऱ्या. मामा खुर्चीत बसून चावी फिरवत राहिले. आठ फेऱ्या. मधे एकदा चुकले असं वाटून त्यांनी खिडकी पाहिली, हसले, पुढे चालू. घाई नाही. दर मध्यरात्रीला तारीख जरा अडखळायची आणि कट् करून पडायची.

या चार दिवसांत माझ्या घड्याळाने एक नवीन गुण दाखवला होता. दिवसाला अधिक ३ सेकंद हा त्याच्या लहानपणचा रिपोर्ट. झाकण उघडल्यापासून ते रोज चार-चार मिनिटं पुढे जात होतं. मी रोज रात्री मोबाइल बघून ते मागे घेत असे.

मामांनी सेकंदकाटा बरोबर बारावर येऊ दिला आणि चावी ओढली. काटा जागच्या जागी थांबला. ‘हां,’ ते म्हणाले, ‘तुझ्यात किती वाजलेत बघ. तुझं नवं आहे, तुझ्यावरून लावू.’

मोबाइल आत चार्जिंगला होता. मी मनगटाकडे पाहिलं आणि मनातल्या मनात चार मिनिटं वजा करायला घेतली, पण काल रात्री काटे मागे घेतले होते की परवा, ते काही केल्या आठवेना. चार वजा करायची की आठ?

‘सांग ना रे.’

‘आठ वाजून सतरा, मामा.’

त्यांनी मिनिटकाटा केसभर मागे-पुढे करत अगदी नेमका सतरावर आणला, माझ्या सेकंदकाट्याकडे पाहत तो बारावर येईपर्यंत श्वास रोखून धरला, आणि चावी आत दाबली.