माती नसलेल्या गुलाबाच्या कलमाला युरिया नको

पार्सलने आलेलं, मुळांना माती नसलेलं गुलाबाचं कलम तीन दिवस पाण्यात बुडवा आणि खड्ड्यात मूठभर युरिया टाका, असा सल्ला सध्या फिरतोय. दोन्ही चूक. मुळं काही तासच भिजवा, फार तर रात्रभर. जास्त वेळ ठेवली तर हवेवाचून गुदमरतात. आणि युरिया तर मुळीच नको! पाणी शोषणारी तंतुमुळं उपटतानाच तुटलेली असतात, उरलेली युरियाने करपतात. नवी फूट जोमाने वाढू लागली की मगच खत द्या. लावताना मुळं पसरा, माती दाबा, भरपूर पाणी घाला. आत पोकळी राहता कामा नये. पानं यायला काही आठवडे लागतात. तोवर काडी वाळली समजून कृपया उपटू नका. नखाने साल जराशी खरवडा. आत हिरवं दिसलं तर कलम जिवंत आहे.