‘गोळ्यांवरचं जगणं कसलं जगणं?’

गेल्या आठवड्यात आमच्या नाट्यमंडळाच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत आला. मजकूर साधारण असा: एचआयव्हीची औषधं घेणारा माणूस जिवंत असून मेल्यासारखाच, गोळ्या चेहरा नि मूत्रपिंडं खातात, दहा वर्षं काढली तरी खूप, लग्न-मूल विसरायचं, घरच्यांना धोका कायम, तेव्हा रिपोर्ट चांगला आला की गोळ्या सोडा आणि काढा घ्या. खाली काढ्याची कृती. तिघांनी हात जोडले, एकाने ‘उपयुक्त माहिती’ असं लिहिलं.

गोव्यात, फोंड्याला औषधांच्या दुकानात माझी पंचवीस वर्षं गेली, म्हणून चेहऱ्यापासून सुरुवात करतो. मेसेजातली तेवढीच गोष्ट अगदीच हवेतली नाही. एप्रिल २००४ पासून सरकार ही औषधं फुकट देऊ लागलं, तेव्हाच्या मिश्रणांत स्टॅव्हुडिन असायचं. त्याने गालांवरची चरबी झडायची, तळपायांची आग व्हायची. गाल बसलेला माणूस कदंबाच्या बसमध्ये चढला की लोक एकमेकांकडे बघायचे. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते औषध टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितलं. आज बहुतेक प्रौढांना टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर यांची मिळून एकच गोळी असते, दिवसातून एकदा. तिचेही त्रास आहेत. काहींचं वजन वाढतं, काहींची झोप उडते, आणि टेनोफोविरमुळे मूत्रपिंडांवर लक्ष ठेवावं लागतं, म्हणून अधूनमधून रक्त तपासतात. पण मूत्रपिंडं तपासली म्हणजे मूत्रपिंडं गेली, असं होत नाही. जन्मभर गोळी घेणारा मेल्यासारखा असेल, तर रक्तदाब नि साखरेपायी आमचं निम्मं नाट्यमंडळ स्मशानात जमा धरावं लागेल.

दहा वर्षांचा हिशेबही जुनाच. युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या रुग्णांवरच्या २०१७ च्या अभ्यासात, विसाव्या वर्षी उपचार सुरू केलेल्या आणि पहिल्या वर्षात प्रतिकारशक्ती सावरलेल्या माणसाचं अपेक्षित आयुष्य ७८ च्या आसपास निघालं. आपल्याकडे घात करतो तो उशीर. क्षयरोगाने पुरता खंगल्यावर माणसाला बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेतात आणि तिथे पहिल्यांदा तपासणी होते.

‘घरच्यांना धोका’ हे वाचून मात्र रागच आला. एका ताटात जेवल्याने, एक संडास वापरल्याने हा विषाणू कधीच पसरत नव्हता. राहिला जोडीदार. रोज गोळी घेऊन रक्तातला विषाणू चाचणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर संभोगातून तो जोडीदाराला जात नाही. २०१९ मध्ये युरोपातल्या ७८२ पुरुष जोडप्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कंडोमशिवाय सुमारे ७६ हजार वेळा संबंध, आणि जोडीदाराकडून लागण शून्य. स्त्री-पुरुष जोडप्यांच्या आधीच्या अभ्यासातही शून्यच. मुलाचं म्हणाल तर, काहीच उपाय न केल्यास आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के. उपचारांनी ते ५ च्या खाली आणता येतं.

आणि काढा. रिपोर्ट चांगला येतो तो गोळी चालू असते म्हणून. विषाणू काही पेशींत दडून बसलेला असतो. गोळी सोडली की बहुतेकांत काही आठवड्यांत तो पुन्हा रक्तात दिसतो. औषध मुद्दाम थांबवून-थांबवून देऊन पाहिलं, तेव्हा आजार आणि मृत्यू वाढले. २००६ मध्ये तो प्रयोग मधेच गुंडाळावा लागला. काढा प्यायचा तर प्या, पण गोळीच्या जागी नाही.

जगणं खरोखर अवघड होतं, पण ते दुसऱ्याच वाटेने, आणि ती वाट गोव्याला नवी नाही. १९८९ मध्ये रक्तदान केल्यावर डॉमनिक डिसोझा यांना एचआयव्ही असल्याचं कळलं, तेव्हा पोलिसांनी त्यांना नेलं आणि म्हापशात जुन्या क्षयरोग इस्पितळात ६४ दिवस डांबलं. कायदाच तसा होता. २०१४ मध्ये रिवणच्या एका शाळेत पालकांच्या दबावामुळे १३ मुलांना प्रवेश नाकारला गेला. आता २०१७ चा केंद्रीय कायदा आहे, सप्टेंबर २०१८ पासून लागू. एचआयव्हीमुळे नोकरी, शाळा, उपचार नाकारता येत नाहीत, आणि संमतीशिवाय कुणाचं निदान सांगता येत नाही.

तरी माणसं गोळ्या घ्यायला जवळचं उपचार केंद्र सोडून दूरच्या केंद्रावर जातात, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून. माझ्या ओळखीची एक बाई गोळ्या जीवनसत्त्वांच्या रिकाम्या डबीत ओतून ठेवायची, कारण सासूला इंग्रजी वाचता येतं. मूळ डबीत ओल शोषणारी पुडी असते; आपल्या पावसात गोळ्या तिच्याशिवाय ठेवू नकोस, असं मी तिला म्हटलं. आता डबी मूळचीच आहे. लेबल तेवढं नखाने खरवडून काढलंय.