अठराविश्वे चाक

माझी उंची पाच फूट तीन इंच. लग्नाच्या बायोडेटात ती पाच-पाच छापली होती आणि ते वरचे दोन इंच आमच्या घरात अजून अधूनमधून निघतात. पण उंचीने मला खरा छळला तो बायकोसमोर नाही, बुलेटवर.

बुलेट बाबांची. १९८४ सालची, साडेतीनशे सीसी, ओतीव लोखंडाचं इंजिन, गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात. म्हणजे हल्लीच्या गाड्यांच्या बरोब्बर उलटं. त्यामुळे आणीबाणीच्या क्षणी मी ब्रेक समजून गिअर टाकतो आणि गाडी दुप्पट उत्साहाने संकटाकडे जाते. याच गाडीवर आईला मागे बसवून बाबांनी महाबळेश्वर केलं, गणपतीपुळे केलं, गोवा केला, एकदा तर थेट हंपी. मी टाकीवर, त्यांच्या पोटाला टेकून. कात्रजचा घाट मी पहिल्यांदा पाहिला तो त्यांच्या दोन हातांच्या मधून. माझ्या डोक्यात बाबा तेव्हापासून सहा फुटी आहेत आणि मी उंचीत आईवर गेलोय.

चार वर्षांपूर्वी बाबा गेले आणि गाडी माझ्याकडे आली. सिग्नलला थांबलं की फळीवरचा लाडवांचा डबा काढायला गेलेल्या पोरासारखा मी चवड्यांवर. खाली दीडशे किलोंहून जास्त लोखंड धडधडतंय आणि मी दोन अंगठ्यांवर ते तोलून धरलंय. एकदा दांडेकर पुलाच्या सिग्नलला डाव्या अंगठ्याखाली नेमका खड्डा आला. गाडी पडली असं म्हणवत नाही. ती सावकाश झोपली आणि ती पूर्ण आडवी होईपर्यंत मी तिची समजूत घालत होतो. कॉलेजच्या दोन पोरांनी उचलून दिली. “काका, लागलं का?” गुडघ्याला नव्हतं लागलं, त्या ‘काका’ने लागलं.

सीटचा फोम कापून घे की, असं तुम्ही म्हणाल. सगळेच म्हणाले. पण ती सीट बाबांनी आईची कंबर दुखायला लागली तेव्हा मापाने बनवून घेतलेली. तिला पातं लावायचं म्हटल्यावर आई नुसती माझ्याकडे बघत राहिली. विषय संपला.

तेव्हा आमचा मिस्त्री म्हणाला, “साहेब, मागचं चाक अठराचं टाका. गाडी खाली येईल.”

आमच्या बुलेटची दोन्ही चाकं एकोणीस इंची, टायर सव्वातीनचं. रिमच्या एकोणीस इंचांत दोन्ही बाजूंचं टायर धरलं की चाक साधारण साडेपंचवीस इंच भरतं. तेवढ्याच जाडीचं टायर अठराच्या रिमवर चढवलं तर साडेचोवीस. म्हणजे मागची बाजू अर्धा इंच खाली. अर्धा इंच! मला तेव्हा तो अर्धा इंच दिवाळीच्या बोनससारखा वाटला. हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, तोच ठेवायचा, रिम तेवढी नवी. “किती वेळ लागेल?” मी विचारलं. “होऊन जाईल,” मिस्त्री म्हणाला. हे वेळेचं माप नाही, हे मला नंतर कळलं.

चाक काढताना पहिला मान माझा, कारण गाडी कलवून धरायला माणूस लागतो. एक्सल ओढून काढला तरी चाक मडगार्डखालून निघत नाही. गाडी डबल स्टँडवरच एका कुशीला कलवावी लागते. मी गाडीला मिठी मारून उभा आणि मिस्त्री आतून चाकाशी झटापट करतोय. हबच्या आत रबराचे ठोकळे असतात, चेनचा झटका गिळायला. आमच्या ठोकळ्यांनी इतकी वर्षं झटके गिळून गिळून चिक्की झाली होती. एक मिस्त्रीने फरशीवर आपटून दाखवला. फरशीचा टवका उडाला.

मग नाना पेठ. पुण्यात दुचाकीचा सुटा भाग घ्यायचा तर नाना पेठेला पर्याय नाही, आणि तिथे नट मागितला तरी आधी तोंडी परीक्षा होते.

“साल कोणतं?”

“चौऱ्याऐंशी.”

“हब कुठला?”

“बाबांचाच आहे.”

“मग बाबांना घेऊन या.”

“ते नाहीत हो.”

दुकानदार काही बोलला नाही. रिम काढून दिली आणि शंभर रुपये कमी घेतले. घरी येऊन भोकं मोजली तर छत्तीस. बुलेटच्या हबला चाळीस स्पोक लागतात. मिस्त्रीने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, “चार स्पोक कमी टाकले तर…” मी त्याला पुढचं वाक्य बोलू दिलं नाही.

दुसऱ्या फेरीत दुकानदाराने भिंतीकडे बोट दाखवलं. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही. कारण सांगत बसू नये.’ चाळीस भोकांची रिम वेगळ्या पैशांनी आली. स्पोक मात्र जुनेच चालतील, असं मिस्त्रीचं मत. रिम लहान झाली म्हणजे स्पोक आखूड लागणार, हे सातवीच्या भूमितीत बसतं, पण मिस्त्रीपुढे भूमिती काढायची माझी हिंमत नाही. जुन्या स्पोकची टोकं रिममधून आत डोकावली आणि हवा भरल्या भरल्या ट्यूबने प्राण सोडला. तिसरी फेरी, चाळीस आखूड स्पोक. दुकानदार आता मला ‘या’ म्हणायला लागला होता.

या सगळ्या प्रकरणात एकाच माणसाने मला खरा आनंद दिला. चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढणारा म्हातारा. चाक स्टँडवर लावून तो ते बोटाने फिरवतो आणि रिमजवळ खडू धरून बसतो. जिथे रिम खडूला शिवते तिथे पांढरी रेघ उमटते. त्या बाजूचे स्पोक सैल, समोरच्या बाजूचे घट्ट, निप्पलला (स्पोकच्या टोकाच्या नटाला) पाव फेरा, परत फिरव. घाई नाही, बोलणं नाही. शेवटी त्याने पाना खाली ठेवला आणि एकेक स्पोक नखाने छेडायला सुरुवात केली. टिंग, टिंग, टिंग, टुंग. टुंगशी थांबला, पाव फेरा दिला, परत छेडलं. टिंग. तंबोरा लावणारे इतका वेळ घेतात तेव्हा आपण पुढच्या रांगेत जांभया देतो. इथे मी अर्धा तास रस्त्यावर उकिडवा बसून ऐकत होतो. त्याने ऐंशी रुपये मागितले. मी शंभर दिले तर वीस परत केले.

चाक बसलं. मी गाडीवर बसलो. पाय… टेकले? मला वाटलं टेकले. बायकोला वाटलं नाही. मुलाने बुटाखाली पोस्टकार्ड सरकवून बघितलं, ते गेलं. मग वही सरकवली, तीही गेली. मी त्याला अभ्यासाला पाठवलं.

आणि पुढच्या दोन दिवसांत अर्धा इंच बोलायला लागला. डबल स्टँडची उंची तीच आणि गाडी खाली आलेली, त्यामुळे स्टँडवर घ्यायला गाडी पूर्वीपेक्षा जास्त उचलावी लागायला लागली. माझी कंबर धरली. म्हणून साइड स्टँड वापरायला गेलो, तर त्यावर गाडी पूर्वीसारखी डावीकडे कलेचना. जवळजवळ सरळ, सावधान पवित्र्यात. आमच्या पार्किंगला उजवीकडे थोडा उतार आहे. रात्री साडेअकराला आवाज झाला. तळमजल्यावरच्या काकूंच्या तीन कुंड्या, त्यातली एक तुळस. सकाळी जिन्यात पाटी लागली : ‘येथे दुचाकी पाडू नयेत.’ माझं नाव नव्हतं, पण सोसायटीत दुचाकी पाडणारा दुसरा कोणी नाही.

रस्त्यावर इंजिन जास्त केकाटतंय असंही वाटायला लागलं. चाक लहान म्हणजे एका फेऱ्यात रस्ता कमी. वेग बघून खात्री करावी तर आमचा स्पीडोमीटर बाबांच्या निवृत्तीपासून वेग दाखवत नाही, वीस आणि ऐंशीच्या मध्ये हवापाणी दाखवतो.

“टायर जाड टाका,” मिस्त्री म्हणाला. “एकशे दहा-नव्वद.”

इथे मला टायरवाल्यांना एक विचारायचंय. जुनं माप सरळ होतं, सव्वातीन गुणिले एकोणीस, दोन्ही इंच. नवीन माप ११०/९०-१८. यातले एकशे दहा मिलिमीटर, नव्वद टक्के आणि अठरा इंच. एका ओळीत तीन जातींचे आकडे! भाजीवाला अर्धा किलो, दोन फूट आणि चार टक्के मेथी देत नाही.

जाड टायर आलं. पूर्वीपेक्षा सत्तावीस-अठ्ठावीस मिलिमीटर रुंद. दिसायला गाडी एकदम पैलवान. पन्नास मीटर गेलो आणि खर्रर्र. टायर चेनकव्हरला घासत होतं. मिस्त्रीने हातोडी घेतली. चाळीस वर्षं जपलेल्या चेनकव्हरला त्याने आतून जो आकार दिला त्याला मी आता ‘मोकळीक’ म्हणतो.

रविवारी भाचा आला. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे त्याला सगळं मोजायची खाज. त्याने मोबाइलवर आकडे टाकले आणि गप्प बसला. हा मुलगा गप्प बसला की वाईट बातमी असते.

“मामा, जुनं चाक सहाशे अठ्ठेचाळीस मिलिमीटर होतं.”

“बरं.”

“हे सहाशे पंचावन्न आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे गाडी पहिल्यापेक्षा साडेतीन मिलिमीटर उंच झाली.” मग दया येऊन म्हणाला, “तुला सगळे नाही जाणवणार. पुढचं चाक तेच आहे ना, तू मध्ये बसतोस.”

दोन रिम (छत्तीसवाली धरून), चाळीस स्पोक, दोन टायर, तीन ट्यूब, एक तुळस. आणि मी पोहोचलो कुठे, तर वर.

आई खुर्चीत बसून शेंगा सोलत होती. म्हणाली, “पण तुला पाय टेकवायचे कशाला?”

“सिग्नलला, आई. गाडी थांबली की पाय टेकावे लागतात.”

“हे कुठे टेकवायचे?”

“बाबांना काय, त्यांचे आरामात पोचायचे.”

आई उठली. आतल्या खोलीतलं कपाट वाजलं. बाबांची राखाडी पँट घेऊन आली, टूरवर घालायची ती, आणि माझ्या कमरेला लावून धरली. पँट माझ्या घोट्याच्या दोन बोटं वर संपली. मी खाली वाकून शिवण उसवलीय का बघितलं. नव्हती उसवली.

“सिग्नल दिसला की हे गाडी आधीच डावीकडे घ्यायचे,” आई परत शेंगा सोलायला लागली. “डावा पाय फुटपाथवर. घाटात थांबायचं तर कठड्याला. गोव्याला जाताना एकदा मैलाच्या दगडाला टेकून चहा प्यायले होते. पाय रस्त्याला लावलेला मी नाही बघितला बाई कधी.”

जुनं चाक परत घालावं म्हणून मी गॅलरीत गेलो. एकोणिसाची रिम आईने गजाला तारेने बांधली होती आणि तिच्यावरून गोकर्णीचा वेल पार वरपर्यंत गेला होता. तीन निळी फुलं आली होती. “आता हात लावू नकोस,” आतून आवाज आला.

सोमवारी स्वारगेटच्या सिग्नलला मी गाडी डावीकडे घेतली. ब्रेकवरचा डावा पाय उचलून फुटपाथच्या कडेवर ठेवला, पुढचा ब्रेक हाताने धरला. पूर्ण पाऊल टेकलं, टाचेसकट! शेजारच्या स्कूटरवाल्याकडे मी पाच-पाच उंचीच्या माणसासारखं बघितलं. तेवढ्यात मागून बसचा हॉर्न. मग परत हॉर्न. मग ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं.

“ओ काका! डावीकडे जायचंय आम्हाला! बसायचंय तर बाकडं आहे पलीकडे!”

मी घाईने क्लच सोडला, गाडी बंद पडली. किक उजव्या बाजूला, फुटपाथ डाव्या. किक हलकी व्हावी म्हणून मी डीकॉम्प्रेसरचा लिव्हर दाबून अँपिअरचा काटा मध्यावर आणत होतो आणि बसमधले लोक उतरून चालायला लागले होते.