दोन सेकंद शांतता द्या

आमच्याकडे ध्वनिमुद्रणाचा हंगाम कापसाच्या भावावर ठरतो. दिवाळीनंतर वेचणी सुरू झाली की भाव चढेल या आशेवर कापूस घरातच थांबतो, आणि तो थांबतो माझ्या मागच्या खोलीत. तिला मी स्टुडिओ म्हणतो, घरचे कापसाची खोली म्हणतात. आढ्याला टेकेल एवढी गंजी लागली की खोलीतला घुमारा पार नाहीसा होतो. शहरात भिंतींना स्पंजाचे तक्ते चिकटवण्यात जे पैसे घालतात, त्यांनी एकदा इथे येऊन टाळी वाजवून बघावी. सरकीसकट कापसात शिरलेला आवाज धाग्याधाग्यात घासून जिरतो, हे शास्त्र आहे. गाणाऱ्याला खाज सुटते, हा अनुभव आहे. ज्या वर्षी भाव बरा मिळतो त्या वर्षी संक्रांतीलाच खोली रिकामी होते आणि भजन विहिरीत उतरून म्हटल्यासारखं ऐकू येतं. भाव पडला तर माझं काम थेट एप्रिलपर्यंत झकास चालतं. घरात हे बोलून दाखवायची सोय नाही.

पुढच्या खोलीत झेरॉक्स, सातबाऱ्याची प्रिंट आणि मोबाईल रिचार्ज. मागे रेकॉर्डिंग. शंकरपटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतीची, जाहिरात, ग्रामपंचायतीची घरपट्टीची सूचना, म्हैस हरवल्याची दवंडी, असं सगळं मी भरून देतो आणि ते ऑटोवरच्या भोंग्यातून पंचक्रोशीत फिरतं. पण मानाचं काम म्हणजे खंजिरी भजन. आमचं गाव गुरुकुंज मोझरीच्या, म्हणजे तुकडोजी महाराजांच्या आश्रमाच्या, टापूतलं. खंजिरीवर भजनं म्हणणारे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ साली गेले, तरी इकडे अजून ज्याच्या हातात खंजिरी बसते त्याला लग्नात स्थळ बघताना दोन गुण जास्त मिळतात.

एवढ्या कामाला मला सॉफ्टवेअरमधल्या मोजून चार गोष्टी लागायच्या. लाल गोळा दाबायचा, चौकोन दाबून थांबवायचं, खराब भाग निवडून उडवायचा, पेनड्राइव्हमध्ये टाकायचं. बाकीच्या मेन्यूंकडे मी कधी डोळा वर करून पाहिलं नाही आणि त्यांनीही मला कधी त्रास दिला नाही. मग अमरावतीला इंजिनिअरिंगला असलेला पुतण्या सुट्टीत आला. मी आंघोळीला गेलो तेवढ्यात त्यानं सॉफ्टवेअर अपडेट करून टाकलं.

"काका, लय भारी फीचर्स आले. तुमी जुनंच वापरून राह्यले होते."

जुनंच वापरण्यात काय वाईट होतं, हे विचारायच्या आत स्क्रीनचा चेहरामोहराच बदललेला दिसला. पूर्वी एखादा तुकडा मागेपुढे सरकवायचा तर दोन बाणांचं एक अवजार होतं. ते आता नव्हतं. सबंध संध्याकाळ मी ते शोधलं. शेवटी कळलं की अवजारच काढून टाकलंय, आता तुकड्याच्या डोक्यावरची पट्टी धरून ओढायची. शेतात वखर ठेवलेल्या जागी वखर नसणं आणि "आता नुसत्या हातानंच होतं" असं सालदारानं सांगणं, यातला धक्का ज्यानं सोसला असेल त्याला माझी स्थिती कळेल.

शिकायचं तर व्हिडिओ पाहा म्हणाला. व्हिडिओतला पोरगा जांभळ्या उजेडात बसलेला, मागे गिटार टांगलेली, तोंडापुढे माझ्या झेरॉक्स मशीनच्या किमतीचा माईक. "हाय गाईज" म्हणून तो पहिली काही मिनिटं आधीच्या व्हिडिओबद्दल बोलतो, मग चॅनल सबस्क्राईब करायला सांगतो आणि मग जे करायचं ते इतक्या झटक्यात करतो की माऊसचा बाण स्क्रीनवर कुठून कुठे गेला ते दिसतच नाही. मी व्हिडिओ पाव वेगानं लावला. तेव्हा हात दिसले, पण पोरगा झिंगून बोलायला लागला आणि आमच्या घरात हे ऐकून चहा घेऊन आलेल्या माणसाचा गैरसमज झाला.

तरी एक फीचर खरंच सोन्यासारखं निघालं, हे कबूल करायला हवं. पूर्वी तुकडा कापला की तो गेला. आता तुकड्याची कड धरून आत ढकलली की तेवढा भाग फक्त झाकला जातो. मूळ आवाज फाईलमध्ये शाबूतच असतो. कड पुन्हा बाहेर ओढली की तो परत येतो. याचं प्रात्यक्षिक मी पेटीवाल्या काकांना दाखवलं. बुवांचा अभंगाच्या मधोमध आलेला खोकला मी आत ढकलला, गायब. बाहेर ओढला, हजर. काकांनी मला ते पुन्हा पुन्हा करायला लावलं. खोकला आत, खोकला बाहेर. बराच वेळ विचार करून म्हणाले, "माह्या दम्याले असं करता येईन का बे?"

दुसरं फीचर मात्र गळ्याशी आलं. पूर्वी आवाजावर काही प्रक्रिया करायची म्हणजे भाग निवडा, आकडे भरा, थांबा, ऐका, नाही आवडलं तर मागे घ्या. या थांबण्यात माझी इभ्रत होती. मंडळाला "दहा मिनिटं लागतीन" म्हटलं की सगळे चहाला जायचे आणि मी निवांत. आता आवाज चालू असतानाच खुंटी फिरवा, बदल लगेच कानावर. झालं! सगळं मंडळ माझ्या खुर्चीमागे येऊन उभं. झांजवाल्याला झांज कमी वाटते. पेटीवाले काका "थोडी गोडी टाक" म्हणतात. गोडीची खुंटी कुठली हे मी व्हिडिओत तपासलं, नाही सापडली. मग मी एक कुठलीही खुंटी कणभर हलवायचो, काका "हां, आता कसं" म्हणायचे. बहुतेक वेळा ती खुंटी ज्या ट्रॅकची होती तो ट्रॅक बंद असायचा.

हेडफोनचा प्रकार त्याहून वाईट. नवीन पद्धतीनं आधी पेटी आणि गाणं भरून घ्यायचं, मग ते कानात ऐकत खंजिरी वेगळी भरायची, असं पुतण्यानं ठरवलं. खंजिरीवाला बसला, कानाला हेडफोन लावला, दोन थापा मारल्या आणि हेडफोन काढून ठेवला.

"मी इथं वाजवून राह्यलो अन् आवाज पारावरून येऊन राह्यला."

लोक हसले, पण माणूस तंतोतंत बरोबर बोलत होता. कॉम्प्युटर आवाज सलग घेत नाही. सेकंदाला ४४,१०० नमुने मोजतो. माणसाचा कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांपर्यंत, ऐकतो आणि त्याच्या दुपटीहून जास्त नमुने घेतले तरच तो आवाज पुन्हा उभा करता येतो, म्हणून हा आकडा. हे नमुने तो एकेक करून हाताळत नाही, गठ्ठे बांधतो. आमच्याकडे गठ्ठा १०२४ चा होता, म्हणजे गठ्ठा भरायलाच २३ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात हवेतला आवाज आठेक मीटर, म्हणजे सव्वीसेक फूट चालून जातो. आमच्या खोलीपासून पार साधारण तेवढाच आहे. गठ्ठा १२८ चा केला तर उशीर तीन मिलिसेकंदांवर येतो, पण मग माझ्या जुन्या कॉम्प्युटरला दम लागतो आणि गाण्यात फुटाणे फुटतात. शेवटी खंजिरीवाल्यानं एक कान उघडा ठेवला आणि सॉफ्टवेअरकडे दुर्लक्ष करून वाजवलं. उत्तम वाजवलं.

आता मुख्य दुखणं. गोंगाट काढायचं फीचर.

त्याची रीत अशी. आधी त्याला नुसत्या गोंगाटाचा नमुना ऐकवायचा, दोन सेकंद पुरतात. तो आवाजाचे खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत बारीक बारीक पट्टे पाडतो, कुठल्या पट्ट्यात गोंगाट किती आहे ते लक्षात ठेवतो आणि मग गाण्यातल्या प्रत्येक पट्ट्यात त्या पातळीच्या खाली जे असेल ते दाबून टाकतो. पंखा, कूलर, विजेची ५० हर्ट्झची घूं असे एकसुरी आवाज यानं छान जातात. अट एकच. त्या दोन सेकंदांत कोणी बोलायचं नाही आणि गोंगाट सारखा राहायला पाहिजे.

"दोन सेकंद शांतता द्या," मी म्हणालो.

सगळे चिडीचूप. शेजारची म्हैस हंबरली. पुन्हा. या वेळी म्हैस गप्प राहिली, पण बुवांनी तिला "आता गप ऱ्हाय" म्हणून बजावलं. पुन्हा. झेरॉक्सच्या खोलीतून आवाज आला, "भाऊ, आधार लिंक होते का आज?" मग आम्ही रात्री बसायचं ठरवलं. रात्र म्हणजे ओलिताची वेळ. थ्री फेज आलं की शिवारातल्या मोटारी सुरू होतात, गावातला बल्ब पिवळा पडतो, पंख्याचा सूर उतरतो आणि आधी घेतलेला गोंगाटाचा नमुना निरुपयोगी होतो, कारण गोंगाटच बदललेला असतो. त्या सॉफ्टवेअरला वाटतं गोंगाट म्हणजे एका जागी बसलेली वस्तू. आमच्याकडे तो पाळीपाळीनं येतो.

या टापूत खरी शांतता मला एकच माहीत आहे. महाराजांच्या पुण्यतिथीला मोझरीत दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली होते. एवढा अफाट जनसमुदाय उभा असतो आणि कुठे पान हललं तर ऐकू यावं. तिथे रेकॉर्डर न्यावा असा विचार एकदा मनात आला होता. बायकोला सांगितला. तिनं ज्या नजरेनं पाहिलं तिचा नमुना मात्र माझ्याकडे कायमचा साठवलेला आहे.

घूं कमी झाली ती भलत्याच उपायानं. घरामागे अर्थिंगचा खड्डा आहे, मीठ-कोळसा घातलेला. उन्हानं तो कोरडाठण्ण झाला होता. हिनं भांड्याचं पाणी तिकडे ओतलं आणि हेडफोनमधली घूं निम्म्यावर आली. पुतण्या सटपटून स्क्रीन पाहत राहिला. "काका, हे कोनत्या मेनूतून केलं?"

तरीही म्हैस उरलीच. मग पुतण्यानं ब्रह्मास्त्र काढलं. एआयवालं फीचर. याला नमुना लागत नाही. माणसाचा आवाज कसा असतो ते याला आधीच शिकवलेलं असतं, बाकी सगळं तो स्वतःच ओळखून काढून टाकतो. बटण दाबलं, पट्टी भरली, आणि मंडळाला ऐकायला बोलावलं. पाटीलबुवांपासून पोट्ट्यापोट्टींपर्यंत सगळी खोली भरली. कापसावरसुद्धा चढून बसले.

बुवांचा आवाज असा लख्ख आला की त्यांचा श्वास मोजावा. म्हैस नाही, मोटार नाही, पंखा नाही. पेटी कुठेतरी लांब रडत होती. पहिलं कडवं संपलं, दुसरं सुरू झालं, आणि खंजिरीवाला म्हणाला, "मी कुठं हाओ?"

पुतण्यानं खुलासा केला. खंजिरीच्या चकत्यांचा आवाज क्षणभराचा असतो आणि एकदम सगळ्या वरच्या पट्ट्यांत पसरतो, त्यामुळे मशीनच्या दृष्टीनं तो...

"तो काय?"

"गोंगाट," पुतण्या म्हणाला.

मोझरीच्या टापूत, भजन मंडळासमोर, खंजिरीला. पोरगं इंजिनिअर होईल तेव्हा होईल, त्या दिवशी मात्र त्याचा नागपूरकडचा कुठलाही सोयरा कामाला आला नसता. बुवा उठले. "बावा, खंजिरी काढून भजन ऐकाचं तर मंग आमी काहून आलो? मशीनलेच म्हना गाय म्हनून."

मला तेव्हा खरं तर हसू येत होतं, कारण हे सगळं शेवटी जाणार होतं भोंग्यात. साधारण ३०० हर्ट्झच्या खालचं भोंगा बोलतच नाही आणि वरचंही काही हजारांवर सोडून देतो. म्हणजे आम्ही जे बारीकसारीक पुसत बसलो होतो, त्यातलं बरंचसं ऑटो वळणावर जायच्या आतच गळून पडणार.

पण मंडळाला पेनड्राइव्हवरही पाहिजे होतं, मुंबई-पुण्याच्या पोरांना पाठवायला. मी मूळ फाईल काढली. कडा आत ढकलल्या होत्या त्या बाहेर ओढल्या. खंजिरी तिच्या जागी आली. एआयनं साफ केलेला बुवांचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर ठेवला. तर गंमत अशी की ऐकायला ते मेल्यागत वाटायला लागलं, दोन कडव्यांच्या मध्ये नुसता खड्डा. सिनेमावाले रिकाम्या खोलीचा आवाज वेगळा भरून अशा जागा बुजवतात, हे व्हिडिओतल्या जांभळ्या पोरानंच सांगितलं होतं. मग मी रात्री माईक अंगणात ठेवला आणि आमच्या गावाचा सगळा गोंगाट सविस्तर भरून घेतला. रातकिडे, लांबच्या मोटारी, आणि ती म्हैस. तिसऱ्या ट्रॅकवर हळूच सोडला.

मंडळ खूश. पेटीवाले काका म्हणाले, गोडी आली. पुण्याच्या एका पोरानं ते ऐकून घरी फोन केला आणि पुढच्या आठवड्यात गावाला येतो म्हणाला. पेनड्राइव्हच्या कागदावर गायक, पेटी, खंजिरी, झांज, ध्वनिमुद्रण अशी सगळ्यांची नावं मी छापली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आत शेजारी तो कागद हातात धरून उभा.

"सगळ्याईचे नाव टाकले तुनं," तो म्हणाला, "माह्या म्हशीचं काहून नाई?"