एकलहरे शेजारी असून दवाखान्याची वीज का जाते?

नाशिकमधल्या डॉक्टरांच्या आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सरकारने सौरऊर्जेच्या नादी लागून वीज महाग आणि बेभरवशाची केली, शेतकऱ्यांच्या फुकट विजेचा भार रुग्णालयांवर पडतो, शेजारच्या एकलहऱ्याच्या कोळशावरच्या वीज केंद्रात वीज तयार होत असताना नाशिकच्या आयसीयूत अंधार होतो, तेव्हा प्रत्येक रुग्णालयाने छतावर सोलर बसवून वीज जाण्याच्या कटकटीतून कायमचं सुटावं.

मी इथल्या एका खासगी रुग्णालयाची वीजयंत्रणा सोळा वर्षं सांभाळतोय. मजकुरातला राग मला कळतो. पण शेवटचा सल्ला कुणी खरा मानला तर पेशंट दगावेल, म्हणून आधी त्याबद्दल.

ग्रिडला जोडलेली नेहमीची सोलर यंत्रणा बाहेरची लाइन गेली की आपोआप बंद पडते, मग भर दुपारचं लख्ख ऊन असलं तरी. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या छतावरून शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टरमध्ये तशी सोयच केलेली असते. बॅटरीची जोड दिली तर गोष्ट वेगळी, पण मग खर्चही वेगळा. सोलरने बिल उतरतं, त्यासाठी ते जरूर बसवा. व्हेंटिलेटर मात्र यूपीएस आणि जनरेटरच्या जिवावर चालू राहतो. मेन्स म्हणजे बाहेरची वीज गेल्यावर जनरेटर सुरू होऊन रुग्णालयाचा लोड घ्यायला दहा-पंधरा सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ सगळी भिस्त यूपीएसच्या बॅटऱ्यांवर असते. करोनानंतर अनेक ठिकाणी हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे प्लांट बसले. त्यांचे कॉम्प्रेसरही विजेवरच चालतात. ऑक्सिजन थांबला की काय होतं हे नाशिकला सांगावं लागत नाही. २१ एप्रिल २०२१ ला डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीच्या गळतीने पुरवठा खंडित झाला आणि त्या दिवशी २२ रुग्ण गेले. कारण विजेचं नव्हतं, पण पुरवठा थोडा वेळ तुटणं म्हणजे काय ते त्या दिवशी अख्ख्या शहराने पाहिलं.

आता एकलहरे. तिथे २१० मेगावॉटचे तीन संच आहेत. त्यांची वीज राज्याच्या पारेषण जाळ्यात जाते. आपल्यासाठी राखून ठेवलेली नसते. दवाखान्यात अंधार होतो तो बहुतेक वेळा ११ केव्ही फीडरवरच्या, म्हणजे उपकेंद्रातून आपल्या भागात येणाऱ्या लाइनवरच्या बिघाडाने, जळालेल्या ट्रान्सफॉर्मरने किंवा वळवाच्या पावसात तारांवर पडलेल्या फांदीने. आमच्याकडे एकदा मे महिन्यात संध्याकाळी रस्ता खोदणाऱ्या जेसीबीने केबल तोडली. जनरेटर लागला, पण लोड बदलणारा स्विच अडकला. तो हाताने फिरवेपर्यंत चार मिनिटं गेली, तेवढ्यात यूपीएसने आयसीयू तारलं. त्यात ना कोळशाचा दोष होता ना सूर्याचा. तो स्विच आम्ही कित्येक महिने तपासला नव्हता.

सौरऊर्जेने वीज महागली म्हणताना कोळशाची वीज स्वस्त असं मजकुरात गृहीत धरलंय, तेही एकलहऱ्याला लागू पडत नाही. नाशिकजवळ खाण नाही. कोळसा दुरून रेल्वेने येतो आणि भाडं दरात चढतं. गेल्या काही वर्षांच्या लिलावांत नव्या सौर प्रकल्पांची वीज मात्र युनिटला अडीच-तीन रुपयांच्या आसपास मिळाली आहे. अडचण आहे ती सूर्य मावळल्यानंतरची. म्हणून तर २०२३ च्या केंद्रीय नियमांनी सौर तासांत दर किमान २० टक्के कमी आणि मागणी चढते तेव्हा जास्त ठेवायला सांगितलं. लाँड्री आणि उपकरणं निर्जंतुक करणारे ऑटोक्लेव्ह आम्ही दुपारी चालवतो. आयसीयू दुपारपुरतं चालवता येत नाही, आणि रुग्णालयांची खरी तक्रार इथे आहे. ती वीजदर ठरवणाऱ्या आयोगापुढच्या जनसुनावणीत कागदावर मांडायला हवी.

शेतकऱ्यांबद्दलचा आरोप अर्धाच खरा. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांची २०२४ ची मोफत वीज योजना राज्याच्या तिजोरीतून चालते. एका वर्गाने दुसऱ्याचा भार उचलण्याची पद्धत त्याच्या कितीतरी आधीची आहे, हे मान्य. पण आपण रुग्णालयं वीजदरांच्या 'सार्वजनिक सेवा' या वर्गात येतो, दुकानं-मॉलच्या वर्गात नाही, हे मजकूर लिहिणाऱ्याला ठाऊक नसावं. शिवाय उच्चदाब ग्राहकांचं बिल एप्रिल २०२० पासून केव्हीएएच युनिटवर होतं, म्हणजे कामी आलेल्या विजेबरोबर यंत्रांनी उगाच ओढलेला भारही त्यात मोजला जातो. ती ओढ कमी ठेवणारं कपॅसिटर पॅनेल बिघडलं तर दर तोच राहून बिल फुगतं, आणि ते दुरुस्त करणं आपल्या हातात आहे.

हा मजकूर पुढे पाठवणाऱ्या डॉक्टरांना मला एकच विचारायचंय: मेन्स पाडून, खऱ्या लोडवर तुमचा जनरेटर शेवटचा कधी चालवला होता? तारीख आठवत नसेल तर येत्या रविवारी, ओटी रिकामी असताना, आयसीयूच्या सिस्टरना आधी सांगून आणि इलेक्ट्रिशियनला पॅनेलपाशी उभं करून तो चालवून बघा.