बॅकअप असावा, पण त्याला हात लावू नये

व्हीसॅटचा, म्हणजे गच्चीवरच्या छोट्या डिशने उपग्रहामार्फत जोडणी देणाऱ्या यंत्रणेचा, मोडेम एकच असला की ऑडिटवाला नाक मुरडतो. म्हणून दुसरा घ्याच. घेतल्यावर तो पहिल्याच्या शेजारी, त्याच रॅकमध्ये, त्याच एक्स्टेन्शन बोर्डावर लावा. यूपीएस दोघांत एक पुरतो. गच्चीवर डिश एक, डिशवरचा सिग्नल पकडणारा एलएनबी एक, खाली येणारी केबलही एकच. पावसाळ्यात कनेक्टरमध्ये पाणी शिरलं की दोन्ही मोडेम एकाच क्षणी मान टाकतात. रिपोर्टात याला समन्वय म्हणावं.

मध्ये रिडन्डन्सी स्विच हवाच. मुख्य मोडेम गेला की सिग्नल दुसऱ्याकडे वळवणं हे त्याचं काम. ‘आणि स्विचच गेला तर?’ असं विचारणारा एखादा नवा इंजिनिअर निघतोच. त्याला साइट व्हिजिटला पाठवा, शक्यतो भामरागडला, तेही जुलैत. पर्लकोटेला पूर आला की माणसासकट प्रश्न पलीकडे अडकतो.

मुख्य मोडेमची फ्रिक्वेन्सी किंवा सिम्बॉल रेट (सिग्नल पाठवायचा वेग) बदलला, तर स्टँडबायला, म्हणजे राखीव मोडेमला, पत्ता लागू देऊ नका. कॉन्फिगरेशनची प्रत ठेवायचीच असेल तर मुख्य मोडेममध्येच ठेवा, म्हणजे दोघं एकत्र जातील. फीचरचं लायसन्स सीरियल नंबरला बांधलेलं असतं आणि ते दुसऱ्या मोडेमवर चालत नाही, हे व्हेंडर रात्री दोन वाजता फोनवर समजावून सांगेलच. आधी विचारून त्याला कशाला त्रास?

चाचणी मात्र कदापि नको. मुख्य मोडेमची केबल उपटून पाहिली आणि दुसऱ्याने भार उचलला, तर कोणी पाठ थोपटत नाही; नाही उचलला, तर नाव तुमचं येतं. हिरवा दिवा लागलाय ना? पुरे. ‘गॅलेक्सी ४’ या अमेरिकी उपग्रहातही दिशा सांभाळणारे प्रोसेसर दोन होते. १९ मे १९९८ रोजी मुख्य प्रोसेसर गेला, तेव्हा कळलं की राखीव आधीच मरून पडलाय आणि कोणाच्या ध्यानातही आलेलं नाही. उपग्रह भरकटला, अमेरिकेतले बहुतेक पेजर मुके झाले. तोवर मात्र दोन प्रोसेसर आहेत म्हणून सगळे निवांत होते, आणि बॅकअप घ्यायचा तो या निवांतपणासाठीच.

दोन्ही मोडेम एकाच कंपनीचे, एकाच फर्मवेअरचे आणि एकाच मॅनेजमेंट नेटवर्कला (मोडेमांना दुरून हुकूम देणाऱ्या जाळ्याला) जोडलेले असावेत. २४ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे, रशियाने युक्रेनवर चढाई केली त्या सुमारास, हल्लेखोर व्हायासॅट या अमेरिकी कंपनीच्या केए-सॅट या उपग्रह-इंटरनेटच्या जाळ्यात, नीट सेट न केलेल्या व्हीपीएनमधून (दुरून आत यायच्या खासगी वाटेतून) शिरले. मॅनेजमेंटच्या वाटेने हुकूम सुटले, मोडेमांच्या फ्लॅश मेमरीवर नांगर फिरला आणि हजारो मोडेम निकामी झाले. जर्मनीसह मध्य युरोपातल्या सुमारे ५,८०० पवनचक्क्यांचा दूरसंपर्क तुटला. त्या बिचाऱ्या आपल्या आपण फिरत राहिल्या. त्या जाळ्यावर शेजारी तसलाच दुसरा मोडेम चालू असता, तर त्यालाही तोच हुकूम पोचला असता. शिस्त म्हणतात ती हीच.

दुसऱ्या उपग्रहावरची, निराळ्या बँडची (फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्याची) लिंक घ्यावी असंही कोणी सुचवेल. त्याला कोटेशन मागवायला सांगा. तीन कोटेशनं जमेपर्यंत आर्थिक वर्ष सरतं.

राहिला अलार्म. लिंक पडल्याचा ईमेल त्याच लिंकवरून जाईल अशी सोय करा. रात्रभर साहेबांची झोप मोडत नाही. दुपारी लिंक परत आली की सगळे इशारे वेळेच्या नोंदीसह एकदम येऊन पडतात, आणि ते घटनेच्या अहवालाला परिशिष्ट ‘अ’ म्हणून सुबक जोडता येतात.