‘ने’ दुसऱ्याला लावा, नेते व्हा

गल्लीत, गणेश मंडळात, विकास सोसायटीत, गेलाबाजार घरात तरी पुढारी व्हायचं असेल, तर आधी क्रियापदं निवडून घ्या. फोडणे, पाडणे, तोडणे ही घातक. त्यांना कर्ता लागतो. त्यांना लागूनच फुटणे, पडणे, तुटणे ही गरीब स्वभावाची भावंडं बसलेली असतात, त्यांना कुणीच लागत नाही. जेसीबी तुम्ही बोलावला, कुठं खणायचं ते बोट करून तुम्हीच दाखवलं, तरी पाइपलाइन ‘फुटली’. तीच ठेकेदाराच्या हातून गेली, तर मात्र ‘त्याने फोडली’. भूतकाळात ‘त्या’ला ‘ने’ चिकटतो, ‘मी’ला चिकटतच नाही. व्याकरणानंच तुम्हाला जामीन दिलाय, तो का सोडता?

महिन्यात तिसऱ्यांदा पाइप फुटली, की कुणीतरी आगाऊ विचारतं, ‘पण फोडली कुणी?’ अशा वेळी ‘संबंधितांना सूचना दिल्या आहेत’ हे वाक्य काढावं. हे संबंधित आजवर कुणाला दिसलेले नाहीत. अगदीच अंगाशी आलं तर ‘माझ्याकडून चूक झाली’ म्हणा. ‘मी चूक केली’ कदापि नको. पहिल्या वाक्यात चूक आपली आपण होते, तुम्ही फक्त तिच्या वाटेवर उभे असता.

मग ‘आम्ही’ आणि ‘आपण’. हिंदीवाल्यांना एका ‘हम’वर भागवावं लागतं, आपल्याकडं दोन आहेत. ‘आम्ही’त समोरचा नसतो, ‘आपण’मध्ये तो ओढला जातो. म्हणून रस्ता आम्ही केला, आणि पहिल्या पावसात तो उखडला तेव्हा कमी पडलो आपण सगळे. घाईत हे दोन शब्द उलटे पडले, तर पुढचं तिकीट गेलंच समजा.

आता ‘बघू’. यात प्रती आहेत. ‘बघतो’ जरा जोखमीचं, त्यात माणूस सापडतो. ‘बघू’ बरं. ‘बघूया की’ सर्वोत्तम, कारण आता विचारणाराही बघणाऱ्यांत मोजला गेला. सांगलीकडच्या ‘की’ची किंमत बाहेरच्याला कळायची नाही. ‘दादा, उसाच्या बिलाचं काय झालं?’ ‘हुईल की.’ विचारणारा चहा पिऊन जातो.

बिलाचा विषय निघाला म्हणून सांगतो, आकड्यापासून चार हात लांब राहा. ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा. त्यात कारखान्याला ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे, आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज, असं लिहून ठेवलंय. लिहिणाऱ्याला पुढारीपण करायचं नव्हतं, हे उघड आहे. तुम्ही ‘लवकरच’ म्हणा. ‘लवकरच’वर व्याज चढत नाही.

पुरात तर ही पथ्यं कडक पाळा. सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. हे तुम्हाला पाठ असू द्या, पण बोलू नका. ‘पाणी वाढण्याची शक्यता नाकारता येत नाही, सर्वांनी सतर्क राहावे’ एवढंच ग्रुपवर टाका. त्यात कुणी, कधी, काय, यातलं काहीच नाही. पाणी आलं तर तुम्ही सांगितलेलंच होतं, नाही आलं तर तुम्ही कुठं येणार म्हणाला होता?

यात एकच घोटाळा होऊ शकतो. दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट असल्या नदीकडच्या वस्तीत एखादी अंगणवाडीची बाई असते. तिला मराठी नीट येत नाही. ती थेट बोलते: ‘पाणी ३५ फुटांवर आहे. म्हशी आत्ता सोडा, रात्री दोरी सुटत नाही. गॅसची टाकी माळ्यावर, रेशनकार्ड पिशवीत. जिन्याखालचा मेन मी बंद करते. आजींना सहा वाजता मी घेऊन जाते.’ प्रत्येक वाक्यात कर्ता, वेळ, काम! लोक ग्रुप सोडून तिच्या दारात जमतात.

घाबरू नका. पूर ओसरल्यावर तिचा सत्कार ठेवा. शाल, श्रीफळ, फोटोत तुम्ही मधोमध. मानपत्राचा मसुदा तेवढा स्वतः तपासा, एखादा मास्तर भोळेपणानं ‘त्यांनी केले’ लिहून बसेल. तिथं खोडून लिहा: ‘त्यांच्या हातून मोलाचे कार्य घडले.’